रान्वेगच्या शब्दाला दुसरा साक्षीदार

हामरारच्या रान्वेगनं विणकाम मांडीवर आपटलं. मोज्याची टाच वळवायचं काम चाललं होतं, चार टाके सुईवरून घसरले, पण तिचं तिकडं लक्षच नव्हतं. ती रेडिओकडं डोळे वटारून बघत होती, जसा काही जाळीआडचा तो माणूस आता चळाचळा कापणार आहे.

"घरातली थट्टा म्हणे! ऐकलंस का उन्नुर? माझ्या बापाचा शब्द म्हणजे घरातली थट्टा!"

उन्नुर तिची लेक. शेत, मेंढरं, आई, सगळं तीच बघायची. ती भांडी विसळत होती. "आई, तो 'असावी' म्हणाला. 'असावी' म्हणजे 'आहे' असं नाही."

"तू त्याच्या बाजूची की माझ्या?"

"मी भांड्यांच्या बाजूची."

दर बुधवारी संध्याकाळच्या बातम्यांआधी राजधानी रेकयाविकमधल्या शब्दकोशाच्या कचेरीतला हियाल्ती नावाचा माणूस पाव तास एका शब्दावर बोलायचा. त्या दिवशी 'फ्लाइदा' होता. समुद्राचं पाणी चढतं, भरून येतं, त्याला म्हणायचं फ्लाइदा. किनाऱ्यावर शेवाळ खाणारी मेंढरं भरतीनं गाठली तर ती फ्लाइदली. एवढं तर पाळण्यातलं पोरही जाणतं. पण हियाल्तीनं त्या शब्दाची सगळी भावकी गोळा करून आणली. नदीचं वाहणं त्यातलंच, लाकडाचं तरंगणं त्यातलंच, आपली खाडीही त्याच कुळातली. नॉर्वेत दुधावर तरंगते ती साय, जर्मनांचा ओंडक्यांचा तराफा, सगळे एकमेकांचे चुलत. आणि पार तिकडं हिंदुस्थानातल्या जुन्या पोथ्यांत 'प्लव' म्हणजे तरंगणं, तेही ह्याच घराण्यातलं म्हणे.

आणि मग शेवटी, घड्याळाकडं बघतच असणार, तो म्हणाला, "पश्चिमेकडच्या एका बाईंनी आणखी एक अर्थ कळवलाय. पाहुणा भरतीमुळं अडकून पडला, तर तोही फ्लाइदला. पण हा अर्थ दुसरीकडून आलेला नाही. बहुधा एखाद्या घरातली थट्टा असावी."

"हिंदुस्थानापर्यंत पोचला मेला," रान्वेग म्हणाली, "पण हामरारपर्यंत यायला त्याला वाट सापडेना!"

तिचा जीव का जळला ते सांगते. रान्वेगची शाळा म्हणजे तीन हिवाळे, हिवाळ्याला सहा आठवडे, फिरतीवरचा मास्तर असेल तेव्हा. पुस्तक एकच, भाऊ ते धरून बसायचा आणि ही समोर बसायची, त्यामुळं बाई वाचायला शिकली ती उलटं. लग्न, चार बाळंतपणं, नवऱ्याचं आजारपण, सगळं ह्याच घरात झालं. दोन मुलं राजधानीत गेली, एक कॅनडात. नवरा वारल्यावर कधीतरी रेडिओवर तिनं ऐकलं, की जुने शब्द ठाऊक असतील तर लिहून पाठवा. तिनं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला, पेंडीच्या पोत्यांच्या कागदावर लिहायला सुरुवात केली. तीनशे अकरा चिठ्ठ्या पाठवल्या. दोरखंडाच्या गाठींची नावं, मेंढीच्या कानांच्या खुणा, बर्फाचे प्रकार. त्या सगळ्यांत तिचा बाप ओडगेइर ह्याचा, त्याच्याच तोंडचा म्हणावा असा एकच शब्द होता. तोच नेमका ह्यानं थट्टेत काढला.

ओडगेइरच्या वेळी ह्या शब्दाला नियम जोडलेला होता. पाहुणा फ्लाइदला की ओहोटी लागेपर्यंत यजमानानं घरातलं चांगलं ते त्याला वाढायचं, आणि दोघांनीही भांडणाचा विषय काढायचा नाही. आठ तास एका छपराखाली काढायचे आणि चहूकडं पाणी, तर शहाणपणाचंच होतं ते. आता सगळ्यांकडं मोटारी, बंधाऱ्यावरून रस्ता. फ्लाइदणार कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळीच रान्वेगनं फोनची मूठ गरागरा फिरवली आणि एक्स्चेंजकडून रेकयाविक मागितलं.

एक सांगायला हवं. ती लाइन नऊ घरांची मिळून एकच होती. प्रत्येक घराची घंटी वेगळी, हामरारची दोन लांब एक आखूड. पण घंटी कुणाचीही असो, ऐकायचं सगळ्यांनी. कुणी हळूच रिसिव्हर उचलला की बोलणाऱ्याचा आवाज एक पायरी खाली जायचा. राजधानीचा फोन म्हटल्यावर तर आवाज विहिरीच्या तळाशी गेला. दोघंही बेंबीच्या देठापासून ओरडत होते.

"नियम आहे बाई!" हियाल्ती ओरडला. "एकाच घरातून आलेला अर्थ छापत नाही! दुसऱ्या घरातला माणूस हवा!"

"आणते की!"

"पण त्याला पढवायचं नाही! शब्द आपसूक त्याच्या तोंडून यायला हवा, आणि मग तसं लिहून त्यानं सही करायची! मेच्या मध्यापर्यंत! मग पान छापखान्यात जातं!"

"अहो, साधं आहे!" रान्वेग ओरडली. "पाद्री आमच्याकडं फ्लाइदला आणि लोण्याचा डबा संपला! असं म्हणायचे आमचे वडील!"

इथंच घोटाळा झाला. पण तो तिला कळला दहा दिवसांनी, हियाल्तीच्या पत्रातून. त्याला ह्या भागातून सात पत्रं आली होती. सातही जणांना अचानक आपली आजी आठवली होती, आणि सातही आज्यांकडं पाद्री फ्लाइदून लोण्याचा डबा संपला होता. एक पत्र तर खुद्द पाद्रीबाबांच्या घरचं होतं. हियाल्तीनं सभ्यपणं लिहिलं होतं, की ह्या सात पत्रांचा उपयोग होईल असं वाटत नाही.

रान्वेगनं कपाळाला हात लावला. "मदत करतात! कान लावून ऐकतात आणि वर मदत करतात! आता ह्या अख्ख्या लाइनवर न पढवलेलं माणूस मी आणू कुठून?"

"एक आहे," उन्नुर म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं, बोलले नसते तर बरं झालं असतं.

एक होता. तोर्फए बेटावरचा ब्रांडुर. ओहोटीला हामरारवरून त्याच्या बेटावर पायी जाता यायचं, भरतीला नाही. तो दुसऱ्याच्या घंटीला रिसिव्हर उचलत नसे, आणि त्याची घंटी कुणी वाजवत नसे. रेडिओवर फक्त हवामान ऐकायचा. सगळ्या भागात न पढवलेलं ते एकच माणूस, आणि रान्वेग त्याच्याशी बत्तीस वर्षं बोललेली नव्हती.

एकेचाळीस सालच्या ऑक्टोबरात दोन्ही घरांची मेंढरं लांब खडकावर शेवाळ खायला सोडली होती. भरतीच्या आत ती आणायची पाळी आळीपाळीनं असे. त्या दिवशी ती कुणीच आणली नाहीत. एकेचाळीस मेंढरं गेली. सगळे म्हणाले, पाळी ओडगेइरची होती, म्हातारा विसरला. ओडगेइर एवढंच म्हणाला, "गेली ती गेली." तीन वर्षांनी तोही गेला, विसरभोळा हे नाव घेऊन. रान्वेगला पक्कं वाटायचं की पाळी ब्रांडुरची होती. पण बाप बोलला नाही आणि ब्रांडुरही बोलला नाही. मग तीही बोलली नाही.

एप्रिलअखेरच्या एका सकाळी, ओहोटी पुरती लागल्यावर, रान्वेग रबरी बूट घालून निघाली. खिशात कोरी चिठ्ठी, पेन्सिल आणि चष्मा. पढवायचं नाही, म्हणजे कशाला आले तेही सांगायचं नाही. वाळूत पाय रुतत होते आणि पावलागणिक ती कोणावर ना कोणावर चिडत होती. हियाल्तीवर, पाद्रीबाबांवर, स्वतःच्या गुडघ्यावर.

ब्रांडुर दारात उभा होता. त्याचा कुत्रा भुंकायचं विसरून बघत राहिला.

"कोण मेलं?" ब्रांडुरनं विचारलं.

"कुणी नाही."

"मग?"

"कॉफी प्यायला आले."

"बत्तीस वर्षांनी?"

"तहान लागली."

तो बाजूला झाला. कॉफी केली. दोघांनी साखरेचा खडा दातांत धरून कप तोंडाला लावले, म्हणजे बोलायला नको. मग हवामान झालं. कुत्र्याचं वय झालं. खडकांवरचे सील ह्या वर्षी कमी दिसतात हेही झालं. ब्रांडुर मधूनमधून तिच्याकडं बघायचा, काहीतरी बोलणार असं वाटायचं आणि मग तो कॉफीच ओतायचा.

"पाणी वळलं," तो खिडकीतून बघत म्हणाला.

"वळू दे."

"वाळूच्या पट्ट्यावर आलं."

"अजून अर्धा कप घाल."

"रान्वेग, समुद्र काय तुला नवा आहे? ऊठ."

"गुडघा धरलाय. बसू दे जरा."

बाराच्या सुमाराला वाट बंद झाली. पाणी दोन्हीकडून येऊन मधे मिळालं. रान्वेगनं खिशात हात घालून पेन्सिल धरली. आता हा म्हणणार. म्हणायलाच हवं ह्यानं. दुसरं म्हणणार काय?

ब्रांडुर उठला. पाण्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "हं."

मग त्यानं शिडी लावून आढ्याला टांगलेली, धुरी दिलेली मेंढ्याची तंगडी काढली, पातेल्यात घालून चुलीवर चढवली. टेबलावर धुतलेलं कापड अंथरलं. कपाटातले सोनेरी कडेचे कप काढले, त्याच्या आईचे. सगळा नियम शिस्तीत पाळला गड्यानं, अगदी ओडगेइरच्या काळातल्यासारखा. फक्त नाव घेईना!

"ब्रांडुर," ती म्हणाली, "आता माझं काय झालं म्हणायचं?"

"काय झालं? म्हातारपण झालं."

"तसं नव्हे रे. हे आत्ताचं. पाण्याचं."

"पाण्याचं काय? पाणी येतं, जातं."

तिला वाटलं, हे सोनेरी कडेचे कप ह्याच्या डोक्यात घालावेत. पण नियम होता. फ्लाइदलेल्या पाहुण्यानं भांडायचं नाही. तिच्या बापाचाच नियम, आणि तोच आता तिच्या तोंडाला कुलूप घालून बसला होता. चार तास ते पत्ते खेळले. ती सगळे डाव हरली, कारण तिचे कान त्याच्या तोंडाकडं होते.

पाचच्या सुमाराला ब्रांडुर म्हणाला, "उन्नुरला कळवायला हवं. शोधत बसेल पोरगी."

त्यानं फोनवरची धूळ बाहीनं पुसली आणि मूठ फिरवली. दोन लांब, एक आखूड. हामरारची घंटी त्याला पाठ होती. उन्नुरनं उचलला आणि त्यापाठोपाठ टक, टक, टक, एकेका घरचे रिसिव्हर वर झाले. तोर्फएहून फोन! असं तर कुणी कधी ऐकलंच नव्हतं.

"उन्नुर का? मी ब्रांडुर. काळजी करू नकोस," तो ओरडला. "तुझी आई माझ्याकडं फ्लाइदली आहे. आठला वाट उघडली की आणून सोडतो."

चर्चमध्ये पेटी वाजवणारी थुरीदुर किंचाळली, "म्हणाला! म्हणाला!"

"कोण आहे तिकडं?" ब्रांडुर म्हणाला. टक, टक, टक, सगळे रिसिव्हर खाली. त्यानं मागं वळून बघितलं. रान्वेग नाकावर चष्मा चढवून टेबलावर भराभरा लिहीत होती.

"काय लिहितेस?"

खोटं बोलणं तिला कधी जमलं नाही. तिनं सगळं सांगितलं. कोश, हियाल्ती, लोण्याचा डबा, सही.

ब्रांडुरनं हातातला रिसिव्हर खाली ठेवला. "म्हणजे शब्दासाठी आलीस."

"हो."

"मला वाटलं," तो म्हणाला आणि थांबला. मग त्यानं मांस ताटात काढलं, बटाटे काढले, तिच्यापुढं ठेवलं. "खा. पाहुणी आहेस म्हणून बोलत नाही मी. खा."

धुरी दिलेलं मांस इतकं कडू तिला जन्मात लागलं नव्हतं.

आठनंतर तो तिला पोचवायला निघाला, दहा पावलं पुढं, मागं न बघता. हामरारच्या किनाऱ्याला पाय लागल्यावर वळून म्हणाला, "सही नाही करणार." आणि गेला परत.

पुढचे तीन आठवडे त्या घरात कुणाला सुख नव्हतं. चष्मा ब्रांडुरच्या टेबलावर राहिला होता. रान्वेग नवऱ्याचा जुना चष्मा लावून वाचायची आणि प्रत्येक ओळीला डोळे चोळायची.

"मी जाऊन आणते ना चष्मा," उन्नुर म्हणाली.

"खबरदार!"

"मग तू जा."

"कुठल्या तोंडानं? माणूस बत्तीस वर्षं वाट बघतो, आणि मी जाते ती पेन्सिल घेऊन! गाढवाला तरी कळलं असतं!"

साक्षीदारांचं म्हणाल तर अख्ख्या लाइननं ऐकलं होतं. रान्वेग थुरीदुरला चर्चच्या दारात गाठून म्हणाली, "तूच लिही की. तुझ्या कानांनी ऐकलंस ना?"

"मी?" थुरीदुर म्हणाली. "मी कशाला दुसऱ्याचा फोन ऐकेन? मी त्या वेळी पाव भाजत होते."

"ओरडलं कोण मग? पाव?"

"काय की बाई. लाइनीवर हल्ली खरखर फार असते."

सातही घरांत त्या दिवशी पाचला पाव भाजले जात होते. एवढा पाव सगळ्या जिल्ह्याला पुरला असता. मेचा मध्य आला. रान्वेगनं चिठ्ठी बायबलात घालून ठेवली आणि ह्या विषयावर घरात बोलायचं नाही असं फर्मान काढलं.

त्या बुधवारी तिनं रेडिओ लावला तो सवयीनं. हियाल्ती म्हणाला, "फ्लाइदा ह्या शब्दाबद्दल एक पत्र आलंय. ते आहे तसं वाचतो."

आणि त्यानं वाचलं.

"साल एकेचाळीस, ऑक्टोबर. मेंढरं लांब खडकावर होती. आणायची पाळी माझी होती. हामरारचा ओडगेइर मला तेच सांगायला आला. मी म्हटलं, वेळ आहे, आधी कॉफी घे. पाणी चढलं आणि ओडगेइर माझ्याकडं फ्लाइदला. मेंढरं गेली ती आम्ही दोघांनी खिडकीतून बघितली. पाहुणा होता, म्हणून तो काही बोलला नाही. ओहोटीला घरी गेला. मी वाट बघत होतो की आता हा लोकांना सांगेल. त्यानं कुणालाच सांगितलं नाही. मग मीही सांगितलं नाही. ब्रांडुर, तोर्फए."

"उत्तम दाखला," हियाल्ती खुशीत म्हणाला. "घर वेगळं, अर्थ स्पष्ट, साक्षीदार पढवलेला नाही. कोशात घेतो आहोत."

रान्वेगनं रेडिओ बंद केला. बातम्यांच्या आधी रेडिओ बंद, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. उन्नुर हातातलं फडकं धरून उभी राहिली.

"आई, मिळाला ना साक्षीदार."

"मिळाला, डोंबल! बत्तीस वर्षं! बत्तीस वर्षं माझा बाप विसरभोळा ठरला, आणि हा आता सांगतो! ते तरी कुणाला? मला नाही. सगळ्या देशाला!" तिनं विणकाम उचललं, ठेवलं, परत उचललं. "आणि बाबा तरी! फ्लाइदला होता तेव्हा गप्प बसला, ठीक आहे. पण नंतर? मरेपर्यंत कसली ओहोटी लागायची बाकी होती त्याला?"

ती उठून फोनपाशी गेली आणि मूठ फिरवली. एक लांब, दोन आखूड. तोर्फएची घंटी तिलाही पाठ होती.

टक. टक. टक. तिनं मोजले, सात.

"हं," ब्रांडुरचा आवाज आला.

"रेडिओ ऐकलास?"

"हवामान ऐकून बंद केला."

"गाढवा!"

"ते माहीत आहे मला."

लाइनीवर कुणाच्या तरी घरचं घड्याळ टिकटिकत होतं.

"माझा चष्मा तुझ्याकडं आहे," रान्वेग म्हणाली.

"आहे. त्यातूनच लिहिलं ते. माझा फुटलाय."

"उद्या वाट कधी उघडते?"

"तुला माहीत नाही?"

"विचारते तेवढं सांग ना!"

"एकला उघडते. पाचला बंद."

"तंगडी राहिलीय का?"

"अर्धी."

"मग मी एकच्या ठोक्याला तिथं असेन. आणि ह्या खेपेला आधी कॉफी नाही, कळलं? आधी बोलायचं. मला बत्तीस वर्षांचं भांडायचंय तुझ्याशी, आणि ते पाचच्या आत उरकायला हवं. नंतर मी पाहुणी होईन, मग बोलता यायचं नाही."

"पुरतील का चार तास?" ब्रांडुरनं विचारलं.

"नाही पुरले तर परवा परत येईन," ती म्हणाली. "आणि थुरीदुर, ठेव तो फोन. तुझा पाव करपतोय."